पडद्यावरची घाबरगुंडी

संगणकावर अचानक उगवणारे संदेश ही किरकोळ कटकट म्हणून आपण सोडून देतो. पण त्यांचा खरा नेम यंत्रावर कमी आणि माणसाच्या भीतीवर अधिक असतो. म्हणूनच हा विषय आरोग्य आणि विज्ञानाच्या पानावरचा आहे.

घरातल्या संगणकावर कोणी रेल्वेचे आरक्षण पाहत असते, कोणी विजेचे बिल भरत असते, तर कोणी फुकटात क्रिकेटचा सामना दिसतो का, हे शोधत असते. एकाएकी सगळा पडदा लाल होतो. कर्कश भोंगा वाजू लागतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असा मजकूर झळकतो. बाजूला आपल्या शहराचे नाव आणि संगणकाचा आयपी पत्ताही दिसतो. माऊस हलवला तरी बाण सापडत नाही, फुलीवर क्लिक केले तरी खिडकी मिटत नाही. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते, आणि हात फोनकडे जातो.

या क्षणी एकच गोष्ट ठाऊक असणे पुरेसे आहे. ब्राउझरमध्ये उघडलेले कोणतेही पान आपल्या संगणकाची तपासणी करू शकत नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त चौकटीत ठेवतो. त्या चौकटीबाहेरच्या फायली त्या पानाला दिसत नाहीत. मग त्यात विषाणू आहेत की नाहीत, हे त्याला कळणार कुठून? रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाने घरात पाऊल न टाकता ‘तुमच्या कपाटातल्या कागदांना वाळवी लागली आहे’ असे ओरडून सांगावे, तसा हा प्रकार. शहराचे नाव आणि आयपी पत्ता पाहून वाटते की यांना आपली सगळी माहिती आहे. पण आपण उघडतो त्या प्रत्येक संकेतस्थळाला आयपी पत्ता दिसतोच, कारण त्याशिवाय पान आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. त्यावरून शहराचा साधारण अंदाजही बांधता येतो. त्यात हेरगिरी काही नाही. मायक्रोसॉफ्टनेही अनेकदा स्पष्ट केले आहे की, त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन क्रमांक कधीच दिलेला नसतो. तेव्हा इशाऱ्याखाली फोन क्रमांक असेल, तर तो इशारा खोटा. ही एवढी ओळ संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवून ठेवली, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

रोग जुना, रूप नवे

या खिडक्यांचा इतिहास उद्बोधक आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर कोणीही आपले पान तयार करू शकत असे. एका मोटार कंपनीची जाहिरात अशाच एका आक्षेपार्ह पानावर झळकली आणि कंपनी चिडली. त्यावर तोडगा म्हणून जाहिरात पानावर न दाखवता वेगळ्या खिडकीत उघडायची, अशी युक्ती निघाली. त्यासाठी संगणकीय आज्ञावली लिहिणारे एथन झुकरमन यांनी पुढे, २०१४ मध्ये, ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात लेख लिहून या शोधाबद्दल जाहीर माफी मागितली. आपला हेतू चांगला होता, असे त्यांचे म्हणणे होते. पण तोवर ही युक्ती जगभर पसरली होती.

यापुढचा किस्सा तर अधिकच बोलका. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘मेसेंजर सर्व्हिस’ नावाची एक सोय होती. तिचा गप्पा मारण्याशी संबंध नव्हता. कार्यालयातल्या संगणकांवर ‘सर्व्हर दहा मिनिटे बंद राहील’ किंवा ‘छपाई पूर्ण झाली’ अशा सूचना पाठवण्यासाठी ती होती. घरोघरी इंटरनेट आल्यावर हेच दार बाहेरच्या जगालाही उघडे राहिले. ब्राउझर उघडलेला नसतानाही, केवळ इंटरनेट जोडले आहे एवढ्यावर, पडद्याच्या मधोमध करड्या रंगाच्या चौकटीत जाहिराती उगवू लागल्या. कॅलिफोर्नियातील ‘डी स्क्वेअर्ड सोल्युशन्स’ या कंपनीने यावर कडी केली. अशा खिडक्यांचा भडिमार करायचा आणि त्या खिडक्यांतूनच, या खिडक्या थांबवणारे सॉफ्टवेअर २५ ते ३० डॉलरना विकायचे, हा तिचा धंदा. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला न्यायालयात खेचले. आधी आग लावायची आणि मग पाण्याची बादली विकायची, असा हा व्यवहार होता.

ही साथ आटोक्यात आली ती कशामुळे? लाखो लोकांनी संगणकशास्त्र शिकल्यामुळे नव्हे. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठी ‘सर्व्हिस पॅक २’ आणला. त्यात मेसेंजर सर्व्हिस मुळातच बंद केली, फायरवॉल आपोआप सुरू ठेवली आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉप-अप रोखण्याची सोय दिली. करड्या चौकटी जवळपास नाहीशा झाल्या. सार्वजनिक आरोग्यात आपण हेच पाहिले आहे. गलगंड टाळण्यासाठी घरोघरी आयोडीनचे व्याख्यान द्यावे लागले नाही. ते मिठातच मिसळले. यंत्र घरी येतानाच त्याची कळ योग्य बाजूला असणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत न्याय्य उपाय असतो. हा धडा उद्योगाला २००४ मध्येच मिळाला होता. तो नंतर विसरला गेला, हे आजचे दुखणे आहे.

आजच्या खिडक्या ओळखाव्या कशा?

ताप हा जसा रोग नसून लक्षण असते, तशी ही खिडकीही लक्षण असते. तिच्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून ‘अँटिव्हायरस टाकून घ्या’ हा सरसकट सल्ला ‘अँटिबायोटिक घेऊन टाका’ या सल्ल्याइतकाच अर्धवट आहे.

पहिला प्रकार संकेतस्थळानेच उघडलेल्या जाहिरातीच्या खिडकीचा. ते पान बंद केले की ती संपते. आजचे ब्राउझर यांतल्या बहुतेक मुळातच अडवतात.

दुसरा प्रकार सध्या सर्वाधिक आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, एक छोटी चौकट सरकत वर येते. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’, ‘वर्गणी संपली’, ‘बक्षीस लागले’ असले काहीबाही तीत असते. ही ब्राउझरची नोटिफिकेशन असते. २०१५ मध्ये क्रोम ब्राउझरने संकेतस्थळांना अशा सूचना थेट पाठवण्याची मुभा दिली. बातम्या, ई-मेल यांसाठी ती उपयोगी होती. पण ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ किंवा ‘व्हिडिओ पाहण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगून भामट्यांनी ती परवानगी लोकांकडून काढून घ्यायला सुरुवात केली. एकदा अलाऊ दाबले की ते संकेतस्थळ बंद केल्यावरही संदेश येत राहतात. माणूस समजतो संगणकात विषाणू शिरला. प्रत्यक्षात आत काहीही शिरलेले नसते. फक्त दिलेली परवानगी काढून घ्यायची असते. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज, तेथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स असे गेले की परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. अनोळखी नावे काढून टाकावीत आणि यापुढे कोणीही परवानगी मागूच नये, हा पर्याय निवडावा. एज आणि फायरफॉक्समध्येही सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘नोटिफिकेशन’ हा शब्द टाकला की हीच जागा सापडते. दोन मिनिटांचे काम आहे. यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

तिसरा प्रकार खरोखर आत शिरलेल्या पाहुण्याचा. पीडीएफ जोडण्याचे, व्हिडिओ उतरवण्याचे किंवा फॉन्ट बदलण्याचे फुकट सॉफ्टवेअर घेताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो, आणि त्याच्याबरोबर जाहिराती दाखवणारा दुसरा प्रोग्राम किंवा ब्राउझरचे एक्स्टेंशन गुपचूप येऊन बसते. ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे, शोध घेताना भलतेच शोधयंत्र उघडणे, कोणत्याही संकेतस्थळावर जाहिरातींचा पाऊस पडणे ही त्याची लक्षणे. एक्स्टेंशनच्या यादीतून आणि संगणकातल्या प्रोग्रामच्या यादीतून अनोळखी गोष्टी काढाव्यात, ब्राउझरच्या सेटिंग्ज मूळपदावर आणाव्यात आणि मग पूर्ण तपासणी करावी. चोरीची, म्हणजे ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअर्स हा याच घराण्यातला थोरला भाऊ. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग हे बसवा’ असे जे सॉफ्टवेअर सांगते, ते काय करणार आहे हे त्याने आधीच सांगितलेले असते.

चौथा प्रकार आरंभी वर्णन केलेल्या लाल पडद्याचा. पान पूर्ण पडदाभर पसरवून आणि बाण लपवून संगणक अडकल्याचा तो आभास निर्माण करतो. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरली किंवा एफ ११ दाबले की बहुतेकदा पडदा मूळपदावर येतो. नाही आला तर ऑल्ट आणि एफ ४ एकत्र दाबावेत. तरीही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. यातले काहीच आठवले नाही, तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. ‘संगणक बंद करू नका’ ही त्या पानाची धमकी असते, कारण बंद केला की त्याचा खेळ संपतो. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पाने उघडू का’ असे विचारतो. त्याला नाही म्हणावे.

मेंदूची सवय आणि भामट्याची घाई

सुशिक्षित, अनुभवी माणसेही यात का फसतात, या प्रश्नाचे उत्तर संगणकात नाही; ते आपल्या शरीरात आहे. धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनालिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि लक्ष त्या एका धोक्यावर खिळते. समोर वाघ असेल तर ही व्यवस्था प्राण वाचवते. पण अक्षरे नीट वाचणे, पत्ता तपासणे, थांबून विचार करणे ही कामे अशा वेळी अवघड होतात. भोंगा, लाल रंग, उलटी मोजणी आणि ‘ताबडतोब’ हा शब्द यांची निवड त्यासाठीच केलेली असते.

दुसरे कारण याच्या उलट आहे: सवय. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरक्षेचे इशारे पाहताना लोकांच्या मेंदूत काय घडते, हे एफएमआरआय यंत्राने तपासले. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसताच मेंदूचा प्रतिसाद लक्षणीय घटला होता. डोळे पाहत होते, पण मेंदू पूर्वीच्या आठवणीवरच काम भागवत होता. इशाऱ्याचे रूप बदलत ठेवले, तर ही घसरण कमी होते, असेही त्यांना आढळले. त्याआधी, २००८ मध्ये, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील प्रयोगात विद्यार्थ्यांसमोर खऱ्या खिडक्यांबरोबर बनावट खिडक्या ठेवल्या गेल्या. बनावट खिडक्यांवरही ६३ टक्के वेळा ‘ओके’ दाबले गेले. ही तरुण, महाविद्यालयीन मुले होती. तेव्हा ‘म्हाताऱ्या माणसांना कळत नाही’ हा घरोघरचा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे.

रुग्णालयांना हा प्रश्न चांगला परिचित आहे. अतिदक्षता विभागात यंत्रांचे भोंगे सतत वाजतात. त्यांतल्या बहुसंख्य वेळा काही करण्याची गरजच नसते. परिणामी परिचारिकांचे कान त्या आवाजाला सरावतात आणि खरा भोंगा दुर्लक्षिला जातो. अमेरिकेत रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २०१३ मध्ये याबाबत खास इशारा दिला. त्यावर तेथे शोधलेला उपाय ‘परिचारिकांनी अधिक लक्ष द्यावे’ एवढाच नव्हता. निरर्थक भोंगे कमी करा, हा होता.

इंटरनेटवर नेमके उलटे चालले आहे. कुकीज स्वीकारा, सूचनांना परवानगी द्या, अ‍ॅप घ्या, ठिकाण सांगा, सवलत चुकवू नका, अशा विनवण्या प्रत्येक पान करते. बँका, दुकाने, सरकारी संकेतस्थळे, आणि हो, वृत्तपत्रांची संकेतस्थळेसुद्धा याला अपवाद नाहीत. दिवसाला अशा पन्नास चौकटी न वाचता मिटवायची सवय आपणच नागरिकांना लावतो, आणि एक्कावन्नावी त्यांनी वाचून, पारखून मिटवावी, अशी अपेक्षा करतो. ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही.

भीतीची बाजारपेठ काही अंधाऱ्या गल्लीतच भरते असेही नाही. ‘ऑफिस डेपो’ या अमेरिकेतल्या नामांकित दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद झाला आहे का, खिडक्या उगवतात का, वगैरे. त्यांतल्या एकाचेही उत्तर ‘होय’ असले की तपासणीत काहीही निघो, निदान ‘संसर्ग’ असेच येई आणि दुरुस्तीचे बिल होई. २०१९ मध्ये हे दुकान आणि त्याला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांना मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले. नव्या संगणकात आधीच भरलेले अँटिव्हायरस ‘तुमचे संरक्षण संपले’ अशी लाल पाटी दर दोन दिवसांनी दाखवते, तेव्हा तेही भामट्याच्याच भाषेत बोलत असते. खऱ्याने खोट्याची बोली उचलली की ग्राहकाने फरक ओळखायचा कसा?

घराची निगा

घरचा संगणक सुरक्षित ठेवण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. दात घासण्यासारख्या काही सवयी पुरतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत वर आहे अपडेट. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत हजारो रुग्णांच्या तपासणीच्या वेळा आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या खिंडारातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिले होते. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. दूर युक्रेनमध्ये सुरू झालेली लागण उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लावू शकते, हे तेव्हा कळले. ‘नंतर आठवण करा’ हे बटण म्हणूनच महागात पडते. विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पेलू शकत असेल तर विंडोज ११ घ्यावे. जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी मोफत प्रणालीही उत्तम चालते. काहीच शक्य नसेल, तर निदान त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

दुसरे, अँटिव्हायरस. विंडोज ८ पासून डिफेंडर हे अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येते. ते सुरू असेल आणि अपडेट होत असेल, तर सामान्य घराला पुरेसे आहे. दोन-तीन अँटिव्हायरस एकदम बसवल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही; संगणक मात्र निम्मा होतो. आतल्या पाहुण्याची शंका असेल, तर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथेही सफाईची साधने मोफत मिळतात.

तिसरे, रोजच्या वापराचे खाते वेगळे ठेवणे. बहुतेक घरांत संगणकाचे एकच खाते असते आणि त्याला सर्वाधिकार असतात. रोजच्या कामासाठी साधे खाते केले, तर नवा प्रोग्राम बसवताना पासवर्ड मागितला जातो. गुपचूप शिरणाऱ्याला तिथेच अडसर लागतो. मुले आणि आजी-आजोबा एकच संगणक वापरत असतील, तर ही सोय फारच मोलाची.

चौथे, राउटर. वाय-फायची पेटी बसवून माणूस निघून गेला की तिच्याकडे कोणी पाहत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ने अशाच दुर्लक्षित पेट्या आणि कॅमेरे वेठीस धरून अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. शिरकावाचा मार्ग साधा होता: कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड वेगळा, दोन्ही बदलावेत.

पाचवे, प्रत. घरचे फोटो, कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडूनच ठेवलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकासकट कुलूपबंद करते. आणि शेवटचे, पासवर्ड. ई-मेल आणि बँक यांचे पासवर्ड लांब, आणि एकमेकांपासून वेगळे असावेत. द्विस्तरीय पडताळणी सुरू असावी. पासवर्ड लक्षात राहत नसतील, तर वहीत लिहून ती वही दागिन्यांजवळ ठेवली तरी चालेल. परदेशातल्या भामट्याचा हात आपल्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

फोन केलाच तर?

लाल पडद्यावरच्या क्रमांकावर फोन गेला की पलीकडचा माणूस अत्यंत सौम्य बोलतो. तो दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवायला सांगतो. ही सॉफ्टवेअर्स मुळात वाईट नसतात. कंपन्यांचे तंत्रज्ञ ती रोज वापरतात. पण अशाच एका अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. आत आल्यावर तो विंडोजच्या नोंदवहीतल्या नेहमीच्या निरुपद्रवी त्रुटी दाखवून घाबरवतो आणि मग पैशांवर येतो.

असे घडले असेल, तर प्रथम राउटर बंद करावा किंवा इंटरनेटची तार काढावी. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही ती करता येते. जितके लवकर कळवाल, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता अधिक. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने वेळेचे महत्त्व स्पष्ट केले आहे. त्रयस्थाच्या चुकीने पैसे गेले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर बोजा नाही. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी बोलण्यात फायदाच आहे. त्यानंतर दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावेत आणि जाणकाराकडून संगणक साफ करून घ्यावा.

पण लोक बोलत नाहीत. त्यांना पोलिसांची नव्हे, घरच्यांची भीती वाटते. ‘तुम्हाला हजार वेळा सांगितले होते’ हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून आई मुलापासून आणि नवरा बायकोपासून तो फोन लपवतो. त्या लपवण्यात गेलेले तास भामट्याच्या पथ्यावर पडतात. डॉक्टर जसे रुग्णाला आधी दरडावत नाहीत, तसे घरातही आधी इलाज व्हावा. पुण्यात एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांना परदेशातल्या मुलांनी महागडे सॉफ्टवेअर घेऊन देण्यापेक्षा ‘काहीही विचित्र दिसले तर रात्री-अपरात्री फोन करा, मी रागावणार नाही’ एवढे सांगणे अधिक उपयोगाचे.

जबाबदारी कोणाची?

या धंद्याची दुसरी बाजूही आपल्याच दारात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथे सातशेहून अधिक तरुण-तरुणी काम करताना आढळले. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या लोकांना धमकावले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडती घेतली. त्यांत संगणकावर बनावट इशारे दाखवून परदेशी नागरिकांना लुटणाऱ्या टोळ्याही होत्या. इंग्रजी बोलता येणाऱ्या, पण धड नोकरी नसलेल्या तरुणांना महिन्याच्या पगारावर या कामाला जुंपले जाते. भामटेगिरी हा नोकरीचा पर्याय ठरणे, ही केवळ पोलिसी बाब नाही.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. ग्राहकाच्या सतत मागे लागणे हा त्यांतला एक, तर संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून बनावट सफाईयंत्र विकणे हा दुसरा. कागदावर सगळे आहे. पण लाल पडदा दाखवणारी जाहिरात कोणत्या जाहिरात-जाळ्यातून आली, तिचे पैसे कोणी घेतले आणि ती तपासली का नाही, हे त्या जाळ्याला विचारले जाताना दिसत नाही. शोधयंत्रांवर बँकेचा मदत क्रमांक शोधल्यावर वर येणाऱ्या बनावट जाहिरातींबाबतही तेच. जाहिरातीचे पैसे घेणाऱ्यावर तिच्या खरेपणाची जबाबदारी टाकल्याशिवाय हा ओघ आटणार नाही.

ब्राउझर बनवणाऱ्यांनाही २००४ चा धडा पुन्हा गिरवावा लागेल. फायरफॉक्सने २०२० च्या जानेवारीत परवानगी मागणाऱ्या चौकटी आपोआप दडवायला सुरुवात केली. क्रोमने त्याच वर्षी काही संकेतस्थळांसाठी त्या शांत केल्या. दिशा योग्य आहे, पण पाऊल अर्धे आहे. सूचनांची परवानगी मुळातच बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती शोधून सुरू करावी. संगणक विकणाऱ्या दुकानांनी यंत्र देतानाच साधे खाते, सुरू असलेले अपडेट आणि बदललेला पासवर्ड यांसह ते द्यावे. ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रंथालये, गृहनिर्माण संस्था यांनी वर्षातून एकदा मधुमेह तपासणी शिबिरासारखे संगणक तपासणी शिबिर भरवावे. नोटिफिकेशनची यादी साफ करून द्यायला अकरावीतली मुलेही पुरतील.

आणि तोवर आपल्या हातात काय आहे? एक साधा हक्क. पडद्यावर काहीही उगवले, कितीही ओरडले, तरी उत्तर न देता ते बंद करण्याचा हक्क. खऱ्या बँकेचे, खऱ्या पोलिसांचे, खऱ्या कंपनीचे काम दहा मिनिटे थांबल्याने अडत नाही. घाई फक्त भामट्याला असते. ती त्याची त्याच्यापाशी राहू द्यावी.